बिनपंख्याचा कॉम्प्युटर

नंदीश घरात आहे की नाही हे बाळीवेशीतल्या त्या घरात कुणी कधी डोळ्यांनी बघायला गेलं नाही. कान द्यायचा, काम झालं. सोप्याच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, एका अंगाला फळ्या ठोकून केलेल्या खोलीत त्याचा जुना कॉम्प्युटर होता आणि त्याचा पंखा असा काही भणभणायचा, की दारात माणूस आला की दाक्षायणी स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "हाईत हाईत, आवाज येतोय की!" आवाज नसला की, "बाहेर गेलेत." दूधवाला, शेजारीपाजारी, मेहुणा, सगळ्यांचे कान त्या पंख्याला सरावले होते. नवऱ्याची हजेरी पंख्यानं द्यायची, असा त्या घरचा रिवाजच झाला होता म्हणा ना.

आता पंखा एवढा का भणभणायचा, तर तो सोलापुरात होता म्हणून. मार्च उजाडला की इथल्या भिंतीसुद्धा हात लावू देत नाहीत, आणि वर हवेत कापूस. टॉवेल-चादरींचे माग चालतात तिथल्या ऑफिसातला कोणताही कॉम्प्युटर उघडा, आत तंतूंची छान मऊ गादी तयार झालेली असते. पंखा कापूस ओढून घेतो, मग स्वतःच अडकतो, प्रोसेसर तापतो आणि मशीन ऐन कामात मान टाकतं. मग मालक शिव्या देत नंदीशला बोलावणार. त्याची निम्मी उमर ब्रश घेऊन कापूस काढण्यात गेली होती. "मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो का गाद्या पिंजतो?" असं तो चिडून म्हणायचा, आणि पुन्हा ब्रश पिशवीत टाकून निघायचा.

त्या चिडीतूनच त्याला ती कल्पना सुचली. दुसरं कारण दाक्षायणी. तिला अर्धशिशी होती. दुखायला लागलं की ती खिडकीला चादर लावून पडायची आणि फळ्यांपलीकडून तो पंखा तिच्या कपाळात भोक पाडायचा. एकदा ती वैतागून म्हणाली, "एक तर ह्यो पंखा ऱ्हाईल न्हाईतर मी." नंदीशनं ते मनावर घेतलं. बायको रागानं काही बोलली तर नवरे सहसा ऐकत नाहीत. यानं ऐकलं, आणि त्याच्यावर काही वर्षं घालवली.

लॅपटॉपमध्ये जो प्रोसेसर असतो तो मुळातच कमी वीज खातो, कमी तापतो. बॅटरीवर चालायचं असतं ना त्याला. त्याला मोबाइल प्रोसेसर म्हणतात. नंदीशनं ठरवलं की मेलेल्या लॅपटॉपांतून हे प्रोसेसर काढायचे आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या बोर्डावर बसवायचे. सांगायला सोपं. तो प्रोसेसर त्या बोर्डाचा नव्हेच, त्यामुळे गरम हवेनं अलगद उचलायचा, मध्ये एक पातळ पट्टी घालून त्यावर डाग द्यायचा, खालच्या शेकडो टिंबांपैकी नेमकी दोन टिंबं पिवळ्या टेपनं झाकायची, कारण ती उघडी राहिली तर बोर्ड त्याला ओळखच देत नाही. मग बोर्डाच्या आतली फाइल बदलायची. ही सगळी खटपट करून झाल्यावर वीज आणखी कमी करायची, वर अ‍ॅल्युमिनियमचा पाकळ्यापाकळ्यांचा, उष्णता ओढून घेणारा ठोकळा बसवायचा, आणि पंखा काढून फेकून द्यायचा. पंखाच नाही म्हटल्यावर कापूस ओढणार कोण, आणि भणभणणार कोण! घरातल्या साध्या बॅटरीवर दिवसभर चालेल असं मशीन. किती प्रोसेसर जळाले त्याचा हिशेब त्यानं ठेवला नाही, आणि ठेवला असता तर दाक्षायणीला दाखवला नसता.

एकच पंचाईत होती. "मोबाइल प्रोसेसर" म्हटलं की ऐकणारा खिशातल्या फोनकडं बघायचा. "म्हंजे फोनच्या भंगारातनं केलंय व्हय?" नंदीश मग समजावून सांगायला बसायचा आणि गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागायचं. त्याचा मेहुणा विरेश कपाळावर हात मारायचा. "दाजी, तो शब्द बोलू नका की! लॅपटॉपचं म्हणा, नायतर काईच म्हणू नका."

"पर त्याचं नावच ते हाय," नंदीश म्हणायचा.

विरेश म्हणजे दाक्षायणीचा धाकटा भाऊ. नंदीशनं मामाचीच मुलगी केली होती, त्यामुळे विरेश मेहुणा व्हायच्या आधी त्याचा मामेभाऊ होता, आणि त्याच्याही आधी त्याच्या पाठीवर बसून अक्कलकोटच्या जत्रेत हिंडलेला पोर होता. नव्या पेठेत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. प्रिंटर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक विरेशशी बोललं की दोन प्रिंटर घेऊन जायचं. नंदीशशी बोललं तर आहे तो प्रिंटर चांगला चालतोय अशी खात्री पटून रिकाम्या हातानं परत जायचं. तेव्हा ठरलं होतं ते योग्यच होतं. करायचं नंदीशनं, बोलायचं विरेशनं.

पहिलं मशीन चालू झालं त्या दिवशी दाक्षायणीनं येऊन त्या डब्याला कान लावला. डावा लावला, मग उजवा लावला. "चालू हाय व्हय ह्ये?"

"पडद्यावर बघ की."

तिनं पडद्यावर बघितलं, पुन्हा कान लावला आणि अशी काही हसली की नंदीशला वाटलं, झालं, सगळं वसूल झालं. "सुम्म बसलंय की ह्ये," ती म्हणाली. घरात मराठीच्या मध्येमध्ये कानडी असायचीच. सुम्म म्हणजे गप्प. मशीनचं नाव तेच पडलं. आणि आत शिरायचा पासवर्ड त्यानं जगात एका माणसाला सांगितला, तो तिला. मला काही झालं तर तुला उघडता यायला पाहिजे, म्हणाला. माणसं असलं काहीतरी बोलून जातात.

कान मात्र जुनेच राहिले. नवं मशीन आल्यावर नंदीश आत बसलेला असताना दाक्षायणीनं एका शिक्षकाला "घरात न्हाईत" म्हणून परत पाठवलं, आणि एकदा तर त्याच्या जेवणावर झाकण घालून आपण शेजारी गप्पा मारायला निघून गेली. नंतर दोघं त्यावर पोट धरधरून हसले. "आता गळ्यात घंटाच बांधा," ती म्हणाली.

मग ईरप्पा मालकांचं निघालं. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा टॉवेलचा मोठा कारखाना. ऑफिसात कॉम्प्युटर, माल मोजायला कॉम्प्युटर, मागांच्या शेडमध्ये कॉम्प्युटर, आणि सगळ्यांच्या पंख्यांत कापूस. विरेशनं बोलणं लावून आणलं. शुक्रवारी नंदीशनं स्वतः मशीन घेऊन जायचं आणि मालकांना दाखवायचं. त्यांना पसंत पडलं तर सगळ्या कारखान्यात हेच बसणार. नंदीशला पैशाचं सुचलंच नाही, असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं. मालक विचारतील, हे कुणी केलं? आणि तो म्हणेल, मी. बस्स. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशीनमधला कापूस काढलेल्या माणसाला एवढं एक अक्षर बोलायचं होतं. त्यासाठी त्यानं एक पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला होता.

मंगळवारी दुपारी तो स्क्रू आणायला बाजारात गेला. ऊन इतकं होतं की दुकानदारानं अर्धं शटर ओढून घेतलेलं. नंदीश तसाच फिरला आणि बोळातून मागच्या दारानं घरात आला. दाक्षायणी गच्चीवर मिरच्या पसरत होती. तो पाणी प्यायला, खोलीत जाऊन मशीन चालू केलं आणि कामाला लागला. मशीन अर्थातच गप्प.

थोड्या वेळानं सोप्यात बोलणं ऐकू आलं. विरेश आला होता.

"दाजी हाईत का आत?"

"बाजारात गेलेत," दाक्षायणी म्हणाली. "स्क्रू का काय आणायला."

विरेश जरा थांबला. फळ्यांकडं कान केला असणार. "आवाज न्हाय. बरंच झालं. तुझ्याशीच बोलायचं होतं अक्का."

नंदीश "अरे हितंच हाय की" म्हणून उठणारच होता. त्या शेवटच्या वाक्यानं तो अर्धवट उठलेला पुन्हा बसला. का बसला, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही.

"बसलं बघ," विरेश म्हणाला. "मालकांच्या टेबलावर बसलं. लई पसंत हाय त्यांना."

"खरं सांगतोस?"

"हैदराबादच्या माणसानं तू काढलेले फोटो बघून हुबेहूब केलं. ती टेप कुटल्या टिंबांवर हाय तेच त्याला गावत नव्हतं. आन् ती तू पेनड्राइव्हवर काढून दिलेली फाइल. तू पासवर्ड टाकला नसतास तर त्याला जन्मात जमलं नसतं अक्का."

नंदीशनं समोरच्या पडद्याकडं बघितलं. सोमवारी तो सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायचा. दर सोमवारी, न चुकता. तो तळ्याकाठून चालत देवळात जात होता तेव्हा त्याची बायको हा डबा उघडून बसली होती.

"हळू बोल की," दाक्षायणी म्हणाली.

"कुणासाठी? घरात कोण हाय?"

"आन् ह्यांना काय सांगायचं? शुक्रवारी जायचं म्हणून शर्ट इस्त्रीला टाकलाय त्यांनी."

"सांगतो की, मालक नगं म्हणाले. मोबाइलचा प्रोसेसर म्हटल्यावर हसले म्हणून सांगतो. दाजींना लगेच पटंल. सगळेच हसतात की त्याला."

"वाईट वाटंल रे त्यांना."

"चार दिवस वाटंल. अक्का, तूच इचार कर. दाजींना मालकांपुढं उभं केलं तर काय होणार? तासभर टिंबं दाखवत बसणार. मालकांना कंपनी पायजे, कंपनीचा कागद पायजे. बाळीवेशीतल्या फळकुटाच्या खोलीत केलंय म्हटल्यावर हात तरी लावतील का? आता मी कंपनीचा एजंट हाय. आन् दाजींना दुकानात बसवतो. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. म्हयन्याला पगार. तुलाच पायजे होतं न्हवं असं?"

नंदीशला वाटलं, आता ती भावाला झापणार. त्यानं मनातल्या मनात तिचं वाक्यसुद्धा तयार केलं.

"व्हय," दाक्षायणी म्हणाली. "पायजे होतं. कंटाळा आला रे मला ह्याचा."

"नाव तरी काय ठेवलंय, सुम्म! आपल्यात सुम्म म्हंजे उगीचसुद्धा न्हवं का? इतकी वर्सं दाजी आत उगीचच बसले."

आणि दाक्षायणी हसली.

फोटो, फाइल, पासवर्ड, हे सगळं नंदीश कसंबसं गिळू शकला असता. बाई थकली होती, तिला महिन्याचं घर चालवायचं होतं, भाऊ बोलण्यात हुशार होता. पण ते हसणं तेच होतं. डब्याला कान लावून हसली होती तेच. इतकी वर्षं त्याला वाटायचं की ते हसणं आपल्या बाजूचं आहे. ते कुणाच्याही बाजूचं असू शकतं, हे कळल्यावर त्याचे हातपाय गार पडले. सोलापुरातल्या त्या दुपारी तो खरोखर गारठला.

खोलीतून आतल्या अंगानं निघून तो मागच्या दारानं बाहेर पडला. बोळात उभा राहिला. मग बऱ्याच वेळानं पुढच्या दारानं, चपला वाजवत घरात आला.

"किती येळ लावला हो! ऊन लागंल की," दाक्षायणी म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. उद्या कुणी त्याला विचारलं असतं की ही बाई खोटं बोलते का, तर त्यानं शपथेवर नाही म्हटलं असतं.

त्यानं ठरवलं, ती सांगेल. आज नाही तर उद्या सांगेल. त्यानं तिला वाटही करून दिली. जेवताना म्हणाला, "शुक्रवारचं काय होतंय कुणास ठाऊक." ती म्हणाली, "होईल की चांगलं," आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "विरेश मनानं चांगला हाय न्हवं?" ती म्हणाली, "असं का इचारता? तुमच्याच हातावर वाढलाय की तो." हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

बुधवारी विरेश तोंड पाडून आला. त्या पोराला नाटकात घालायला पाहिजे होतं. सोप्यात बसला, गुडघ्यावर हात ठेवले, दोनदा उसासा टाकला.

"दाजी, कसं सांगू तुमाला."

"सांग की."

"मालकांचा फोन आला होता. नगं म्हणाले. मी लई समजावलं. पर मोबाइलचा प्रोसेसर म्हटल्यावर हसायलाच लागले. फोनचं भंगार माझ्या कारखान्यात आणता का, म्हणाले. तरी मी तुमाला सांगत होतो, त्यो शब्द नगं म्हणून."

म्हणजे चूकही नंदीशचीच. विरेशनं काही अर्धवट सोडलं नव्हतं.

"माझं नाव सांगितलं होतंस त्यांना?"

"पयल्यांदा तेच सांगितलं की दाजी! माझे दाजी म्हणून सांगितलं, अभिमानानं."

दाक्षायणी दारात उभी होती. भावाला न्यायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून तिनं हातात धरली होती. नंदीशनं तिच्याकडं बघितलं. सरळ, नाव घेऊन विचारलं. एरवी तो तिला चारचौघांत नावानं हाक मारायचा नाही.

"दाक्षायणी, तुला काय वाटतं?"

ती चटणीच्या पुडीची गाठ पुन्हा आवळू लागली. ती गाठ आधीच घट्ट होती.

"विरेश सांगतो तसंच असंल," ती म्हणाली. "सोडा की आता त्याचा नाद. दुकानात जावा त्याच्या. चार माणसांत ऱ्हावा."

नंदीशनं मान हलवली. विरेशला वाटलं, पटलं. तो इतका खूश झाला की जाताना दाजींच्या पाया पडला.

शुक्रवारी नंदीशनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. कपाळाला विभूती लावली. "कुटं?" दाक्षायणीनं विचारलं. "जाऊन येतो," तो म्हणाला, आणि गाडी काढून अक्कलकोट रोडला लागला. वाटेत त्यानं वाक्य घोकलं. मी केलंय. ते मशीन मी केलंय. त्याला बोलता येत नव्हतं हे विरेशचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

कारखान्यात मागांचा असा खडखडाट होता की शिपायाला नाव ओरडून सांगावं लागलं. ईरप्पा मालक काचेच्या खोलीत बसले होते. उतारवयाचे, अंगानं भरलेले, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि बोलण्यात कुणाला न घाबरणाऱ्या माणसाचा सावकाशपणा.

"या. तुमी चंद्रव्वाचे जावई न्हवं का? लग्नात जेवलोय मी तुमच्या."

चंद्रव्वा म्हणजे दाक्षायणीची आई. नंदीशनं नमस्कार केला. आणि मालकांच्या टेबलावर त्याला ते दिसलं.

काळा डबा, पाकळ्यापाकळ्यांचा ठोकळा, पुढं कुठल्याशा कंपनीची चकचकीत चिकटपट्टी. चालू होतं. आवाज अर्थातच नव्हता, आणि असता तरी त्या खडखडाटात कुणाला ऐकू आला असता? जगातल्या सगळ्या ऑफिसांत नेमकं याच ऑफिसला गप्प मशीनचा काही उपयोग नव्हता. नंदीशला वेड्यासारखं हसू येऊ लागलं.

"मालक, ते मशीन मी केलंय," तो म्हणाला. घोकलेलं वाक्य नीट बाहेर पडलं.

ईरप्पांनी चष्मा काढला. "ह्ये? ह्ये कंपनीचं हाय. तुमच्या मेव्हण्यानंच आणलंय."

"डाव्या बाजूला खाली एक भोक हाय बघा. त्यात स्क्रू न्हाय."

मालकांनी डबा फिरवला. भोक होतं.

"ते चुकून पडलंय. माझ्या हातनं ड्रिल घसरलं घरी. त्या भोकाला काई काम न्हाय. कंपनी कशाला असलं भोक पाडंल? फोटो बघून करणाऱ्यानं तेबी केलं."

ईरप्पांनी त्या भोकात बोटाचं टोक घालून बघितलं. माणूस कारखानदार होता. कुणी कुणाची नक्कल केली हे ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. त्यानं डबा सरळ ठेवला आणि नंदीशकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

"पटलं," ते म्हणाले. "ह्ये तुमचं हाय."

इतक्या वर्षांत कुणी ते म्हटलं नव्हतं.

"आता ऐका. माल मला पसंत हाय. ही पट्टी मी आत्ता काढून टाकतो आन् काम तुमच्या नावानं देतो. विरेशला इथं बोलावून तुमच्यासमोर झाडतो. पर एक सांगा. आतलं सगळं त्याच्या हातात गेलं कसं? भोकासकट फोटो निघाले म्हंजे कुणीतरी घरात बसून, उघडून काढलेत. घरातलंच माणूस हाय. कोण?"

नंदीश त्या भोकाकडं बघू लागला.

"चोर कोण ते कळल्याशिवाय मी पाव्हण्यारावळ्यांच्या भांडणात पडत न्हाय. उद्या विरेश म्हणंल की तुमी खोटं बोलताय, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? नाव सांगा. इथंच ऱ्हाईल."

इथंच राहणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. लग्नात जेवलेली, सासुरवाडीच्या ओळखीतली माणसं ही. संध्याकाळपर्यंत गेलं असतं अक्कलकोटपर्यंत.

नंदीशनं तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं होतं. बुधवारी ते चारचौघांत घेतलं होतं, आता का घेता येऊ नये? तिनं त्याच्यासाठी काय केलं होतं? चटणीची गाठ आवळली होती. तिला वाचवावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. खरं तर तिचा इतका राग त्याला जन्मात आला नव्हता. पण "माझ्या बायकोनं" हे दोन शब्द परक्या माणसापुढं उच्चारायचे, हे त्याला जमेना.

"मीच दिलं," तो म्हणाला.

"काय?"

"फोटो. फाइल. मीच दिलं विरेशला."

ईरप्पा त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी चष्मा घातला, आणि चष्म्याबरोबर चेहराही बदलला. "मग तक्रार कसली करता हो? आपल्या हातानं दिलं, आन् आता मालकाच्या दारात येऊन रडता? विरेश म्हणालाच होता, आमचे दाजी जरा तसेच हाईत, मनाला लावून घेऊ नका." त्यांनी शिपायाला हाक मारली. "ह्यांना चहा द्या आन् सोडून या."

नंदीशनं चहा घेतला. नाही कसं म्हणायचं हे त्याला त्या क्षणी आठवेना.

घरी पोचेपर्यंत फोन पोचला होता. मालकांनी विरेशला, विरेशनं अक्काला. दाक्षायणी दारातच उभी होती, डोक्याला कापड घट्ट बांधून. अर्धशिशी उठली होती.

"मालकांकडं गेला होता?"

"व्हय."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. मंगळवारी मी आतच होतो."

ती भिंतीला टेकली. मंगळवारची दुपार तिच्या चेहऱ्यावरून एकेक वाक्य करत गेली ते त्याला दिसत होतं. एका जागी ती थांबली.

"मी हसले ते..."

"तेबी ऐकलं."

तिनं तोंडावर पदर धरला. मग पदराआडूनच म्हणाली, "मग त्यांना का न्हाय सांगितलं? विरेश म्हणाला, तुमी म्हणालात मीच दिलं. माझं नाव घ्यायचं होतं की! मी केलंय ते. काम मिळालं असतं तुमाला. माझं नाव का न्हाय घेतलं?"

तिला ते ऋण नको होतं, हे त्याला कळलं. तिला शिक्षा हवी होती, म्हणजे फिटलं असतं. तीसुद्धा त्याला देता आली नव्हती.

"घेणार होतो," नंदीश म्हणाला. "पर मग आज मी घरी कुणाकडं आलो असतो?"

ती रडायला लागली. आत या, असं ती म्हणाली नाही, आणि तो अजून उंबऱ्याबाहेर, इस्त्रीच्या शर्टात, उन्हात उभा होता.